मुठीचा ठसा

९ फेब्रुवारी

आज जेवण खाली जायला तासभर उशीर झाला. खालच्या छापखान्यात नऊ माणसं कामाला आहेत, आणि मी शाळेत होते तेव्हापासून त्यांचं दुपारचं जेवण आमच्या स्वयंपाकघरातून जातं. सोमवारी माझी सुट्टी असते, म्हणून मी घरी होते. फोरमन स्वतःच जिना चढून वर आला आणि दारातूनच म्हणाला, "काकू, मशीन बंद ठेवता येतं, पोट कसं बंद ठेवू?" मग पातेल्यात डोकावला. "आणि हे काय, बटाटा अख्खाच पोहायला सोडलाय का?"

"मोठा घास घ्या, मोठे व्हाल," आई म्हणाली. दोघंही हसली. तो गेल्यावर आई ओट्याला टेकून बराच वेळ उभी होती. उजव्या हातात टॉवेल होता. हल्ली टॉवेल कायम तिच्या हातात असतो.

"सुरीच धड नाही गं," ती म्हणाली. "म्हणून उशीर होतो."

संध्याकाळी दादाचा फोन आला. आई हल्ली फोन टेबलावर ठेवून बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. त्याचं तेच चालू होतं. तिकडे ये, खोली रिकामी आहे, मुलं विचारतात, मार्चअखेरीस मी न्यायला येतो. आई म्हणाली, "हात चालतोय तोवर मी इथून हलायची नाही. छापखानेवाले ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी बघू."

मला कुणी काही विचारलं नाही.

म्हणजे जेवण वेळेवर खाली गेलं तर आई इथे राहील, आणि जेवण वेळेवर जायचं तर सुरी चांगली हवी. इतका सरळ प्रश्न घरात क्वचित मिळतो.

१० फेब्रुवारी

जुनी सुरी सकाळी प्रयोगशाळेत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिला दगडावर धार लावली. घरी येऊन वर्तमानपत्राचा कागद धरून दाखवला. सुरी फिरवली की पट्ट्या आपोआप खाली पडत होत्या.

"छान," आई म्हणाली. "ठेव तिथे."

मला जास्त अपेक्षा होती. ती होती, एवढं लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

आईच्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. वाफ लागली म्हणाली. जेवण आजही उशिराच गेलं.

१४ फेब्रुवारी

सुरी पुन्हा बोथट. आठवडासुद्धा टिकली नाही. प्रयोगशाळेत भिंगाखाली धरली तर धार मोडून सपाट झालेली, आणि तिच्यावर आडवे ओरखडे. नेहमीच्या कापाकापीने असे ओरखडे पडत नाहीत. सुरी कशावर तरी, बहुधा ओट्याच्या दगडावर, घासली जात असावी. कडकपणाही मोजला. पोलाद फारच मऊ आहे. निष्कर्ष: मूळ मालच हलका. तरी पुन्हा धार लावून आणली.

वस्तू का तुटली हे सांगायचा मला पगार मिळतो. आमच्याकडे गाड्यांच्या स्प्रिंगा होतात. तुटून परत आलेली प्रत्येक स्प्रिंग माझ्या टेबलावर येते, मी तिचा काप घेते, भिंगाखाली बघते आणि कारण लिहून देते. माझं कारण आजवर क्वचितच चुकलं आहे. त्यामुळे लोक माझ्याशी बेताने बोलतात.

नवी सुरी विकत आणता येईल. पण दादाने दिलेला सहा सुऱ्यांचा संच दोन वर्षं कपाटात खोक्यातच पडून आहे. आई म्हणते, "पाहुण्यांसारख्या आहेत त्या, कामाला कसं लावायचं?"

मी करून देणार आहे. कारखान्याच्या भंगारात स्प्रिंगांचे तुकडे पडलेले असतात, त्या पोलादाची सुरी उत्तम होते. आणि खरं कारण हे की दादाने विकत दिली, मी करून देईन. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

२३ फेब्रुवारी

कारखान्यातल्या एकीने पत्ता दिला होता. एक निवृत्त दंतवैद्य. गाडी विकून त्याने गॅरेजमध्ये भट्टी मांडली आहे. सुऱ्या करायचा छंद. गॅसची भट्टी, ऐरण, पट्टा फिरणारं घासायचं यंत्र आणि कोपऱ्यात त्याची जुनी दवाखान्यातली खुर्ची. दमला की तिच्यावर आडवा होतो.

"चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणत आलो," तो म्हणाला. "लोखंडाचं बरं आहे. दुखलं तरी चावत नाही."

सोमवारी येऊ द्याल का, विचारलं. म्हणाला, "या. पण मला शिकवू नका. इंजिनिअर बाईमाणूस आलं की हातोडा धरायची भीती वाटते."

मी शिकवलं नाही. त्यानेच शिकवलं. लोखंड नारिंगी असताना मारायचं, लाल झालं की थांबायचं. हे तापमानाच्या आकड्यांत मी कॉलेजात होते तेव्हापासून मला माहीत आहे. पण आकडा माहीत असूनही मी लाल झाल्यावर आणखी तीन घाव घातले, कारण कडेला थोडा बाक राहिला होता.

"बाई, ते नाही म्हणतंय," तो म्हणाला. "नाही म्हटल्यावर ऐकायचं."

संध्याकाळी दंड भरून आला होता. आईने विचारलं, "काय करून आलीस?" मी सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप? मला काय, काहीही चालतं."

तिला काहीही चालत नाही. चाललं असतं तर उशीर झाला नसता.

२ मार्च

पात्याला आकार आला. पाणी द्यायचा दिवस होता. पाणी देणं म्हणतात, पण देतात तेल. पातं तापवून गरम तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं.

निघण्याआधी दादाचा फोन येऊन गेला होता. या वेळी त्याला माझ्याशी बोलायचं होतं.

"काय गं शिष्टे, आईकडे लक्ष आहे ना?"

"घरातच असते की मी."

"घरात असणं आणि लक्ष असणं यात फरक आहे."

"तू दोन्हीतलं काय करतोस?"

तो म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं आहे. मी ठरवलंय. तिला नेणार." फोन ठेवला.

भट्टीजवळ मी पातं जास्त वेळ ठेवलं. रंग बघत होते, पण बघत नव्हते. तेलात घातलं तेव्हा आतून टक् असा आवाज आला. पात्याला धारेपासून पाठीपर्यंत तडा. तिथूनच मोडून बघितलं. आतले दाणे साखरेएवढे मोठे. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की असं होतं. मी हे वर्षानुवर्षं इतरांना लिहून देत आले आहे. कारण: कामगाराचं दुर्लक्ष.

"पहिला दात पडायचाच असतो," दंतवैद्य म्हणाला. "तो दुधाचा."

मला हसू आलं नाही. दिवसभर हवेत खिळे ठोकून आल्यासारखं वाटलं.

६ मार्च

गेले तीन दिवस जेवण वेळेवर गेलं. भाजी एकसारखी, बारीक. आईला विचारलं, कसं जमलं? "जमलं," म्हणाली. सकाळी कामाला निघून डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तेव्हा छापखान्यातली बाइंडिंगवाली आमच्या जिन्यावरून खाली येताना दिसली. डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, "कांदा, कांदा," आणि पटपट उतरून गेली. तिच्या घरी काही कटकट असावी.

९ मार्च

दुसरं पातं. आज घाई नाही, फोन नाही. मारून आकार दिला, मग नुसतं तापवून हवेत थंड केलं, असं तीनदा. त्याने आतले दाणे बारीक होतात. मग तेल. आवाज आला नाही. कानस फिरवली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. म्हणजे कडक झालं. घरी आणून ओव्हनमध्ये मंद शेकलं. फिकट सोनेरी रंग चढल्यावर बाहेर काढलं. आता ते कडकही आहे आणि तुटणारही नाही.

आई ओव्हनपाशी येऊन उभी राहिली. "माणसांनासुद्धा असं काही करता येतं का?"

"माणसं पोलादाची नसतात," मी म्हणाले.

"काही असतात," ती म्हणाली.

१३ मार्च

मूठ कशी असावी यावर दंतवैद्याकडे त्याची स्वतःची पद्धत आहे. दातांचा साचा घ्यायला ते जो निळा मऊ लगदा वापरतात, तो काठीभोवती लावायचा आणि ज्याची सुरी त्याला ती काठी धरायला द्यायची. थोड्या वेळात लगदा रबरासारखा घट्ट होतो, बोटांच्या खाचा तशाच राहतात. त्या खाचांवरून लाकडाची मूठ कोरायची. "प्रत्येकाचा जबडा वेगळा, तशी प्रत्येकाची मूठ," तो म्हणाला. मला ही पद्धत पटली. मोजमाप थेट वापरणाऱ्या हातातून येतं.

रात्रीच्या जेवणानंतर आईला टेबलाशी बसवलं.

"काय करायचंय?"

"मूठ आवळ. सुरी धरतेस तशी. आणि हलायचं नाही."

"मास्तरीणबाई, छडी आणलीत का?"

ती हसत होती. मी सांगितलं की हसायचंही नाही. त्यावर आणखी हसली. मग एकदम हसायची थांबली आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसली. ठसा सुटला तेव्हा बघितलं. खाचांच्या कडा दुहेरी उमटल्या आहेत, जसा हललेला फोटो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जेमतेम टेकल्याएवढं. चिठ्ठी लावली: हलला. नमुना बाद.

१६ मार्च

लाकूड निवडायला गेले तेव्हा तो ठसा पिशवीत होता. दंतवैद्याने तो उचलला आणि उजेडाकडे धरून फिरवला.

"कुणाचा?"

"आईचा. तो बाद आहे, पुन्हा घेणार आहे. ती हसत होती, म्हणून हलला."

"हसताना करंगळी सुटत नाही, बाई."

मी लाकडाचे तुकडे उलटसुलट करून बघत राहिले.

"हात कुणाला दाखवलाय?"

"हात ठीक आहे. सुरी खराब आहे."

तो ठसा परत पिशवीत घालून मला दिला. आणखी थोडा लगदाही बांधून दिला. त्यानंतर नेहमीसारखा एकही विनोद केला नाही. डॉक्टर लोकांना निवृत्त झाल्यावरही प्रत्येक माणूस रोगी दिसतो. आमच्या साहेबांना प्रत्येक पूल पडणारच असं वाटतं, तसंच.

१७ मार्च

दुसरा ठसा घेतला. प्रयोगशाळेत नमुना हलत असेल तर आपण त्याला शिकंजा लावतो. इथे शिकंजा म्हणून माझा हात वापरला. आईने काठी धरली, तिच्या बोटांवर मी माझी बोटं ठेवली आणि दाबून धरलं. करंगळीही नीट खाली दाबली. तिचा हात गार होता. आत काहीतरी बारीक चालू असल्यासारखं वाटत होतं. खालचं मशीन सुरू असलं की टेबलातही तसंच जाणवतं.

लगदा घट्ट झाल्यावर मी हात काढला.

"झालं एवढ्यात?" आई म्हणाली.

"हो."

"राहू दे की अजून थोडं. कच्चा राहायचा."

एकदा घट्ट झाला की आणखी धरून काही फरक पडत नाही, हे तिला समजावून सांगितलं. "बरं," म्हणाली.

ठसा अगदी स्वच्छ आला आहे. पाचही बोटं. हाच वापरणार.

मशीन रात्री बंद असतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मग पाण्याचा पंप असेल.

२३ मार्च

मूठ झाली. गडद रंगाचं दाट लाकूड, दोन पितळी रिव्हेटी. पात्यावर हाताने पॉलिशपेपर मारला. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक वेळी आधीच्या रेषांना आडव्या दिशेने, म्हणजे आधीचा एकही ओरखडा मागे राहत नाही. बोटांची टोकं सोलवटली. दंतवैद्य म्हणाला, "झालं आता, आरसा करायचाय का?" मला माहीत होतं, झालं नव्हतं. पाठीकडे एक ओरखडा होता. तो जाईपर्यंत बसले.

शेवटी धार. कागद नुसता टेकवला तर दोन तुकडे.

मी केलेल्या वस्तूंमध्ये ही पहिली आहे, जिच्यात मला दोष सापडत नाही.

२७ मार्च

उद्या दादा येणार. आज सुरी दिली. कागदात गुंडाळली नव्हती, सरळ ओट्यावर ठेवली.

आईने ती डाव्या हाताने उचलली. बराच वेळ बघितली. पात्यात स्वतःचा चेहरा बघितला. "हे तू केलंस?" असं दोनदा विचारलं. डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं.

"उजव्या हातात धर. मूठ उजव्या हाताची आहे."

"धरते. सावकाश धरते. आधी तूच काप काहीतरी, मला बघू दे."

मी बटाटा कापला. पातं लाकडाला टेकेपर्यंत आवाज होत नाही. आईने टाळी वाजवली, मुलं वाजवतात तशी. मग सुरी पुसून स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवली. कपाटातल्या सहा पाहुण्यांच्या शेजारी.

उद्यापासून वापरेल. दादासमोर वापरली तर बरं.

२९ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते.

रविवार असूनही छापखाना चालू होता, कसलं तरी तातडीचं काम. मी सुट्टी घेतली होती. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई जुन्या सुरीने घेवडा कापत होती. कापत म्हणजे दाबून तोडत होती. नवी सुरी खणात, फडक्यात, तशीच. मी काही न बोलता जुनी सुरी तिच्याकडून घेतली. दादा यायच्या आधी मी ती पुन्हा धार लावून ठेवली होती, पर्याय म्हणून. आता ती परत बोथट होती. तेच आडवे ओरखडे.

ओट्याच्या दगडाची कड बघितली. तिथे काही नव्हतं. मग फळीवरचे कप एकेक उलटे केले. एका कपाच्या बुडाला, जिथे चकाकी नसते तिथे, काळ्या रेघा होत्या. पोलादाच्या. पुष्कळ, एकावर एक, जुन्या आणि नव्या.

दादा चहा घेत बसला होता. मी कप आणि सुरी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"ही सुरी झिजलेली नाही. कुणीतरी धार या कपावर आपटून, घासून मुद्दाम मारली आहे. बऱ्याच वेळा. कोण करतंय हे?"

"कोर्ट भरलं का?" दादा म्हणाला.

"मी," आई म्हणाली.

"का?"

तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि उजवा हात टेबलावर, माझ्यासमोर ठेवला. तो ठेवलेला राहिना. अंगठा आणि पहिलं बोट काहीतरी मोजत असल्यासारखं सारखं हलत होतं. शेवटची दोन बोटं नुसती पडली होती.

"सटकते गं हातातून," ती म्हणाली. "बोथट असली म्हणजे लागत नाही. तू धार लावून आणलीस की दुसऱ्या दिवशी अंगठा गेलाच म्हणून समज. मग मी ती मारून ठेवायची. तू पुन्हा लावायचीस." ती हसली. "मायलेकींचा खेळच झाला होता तो."

मी विचारलं, कधीपासून.

दादा माझ्याकडे बघत होता. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आई, तू म्हणाली होतीस तिला मी सांगते. वर्ष होत आलं. डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो होतो, इथे येऊन. मज्जातंतूंचं आहे, बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे." मग माझ्याकडे वळून, "मला वाटत होतं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू तरीही सुऱ्या करत बसली आहेस. काय काय बोललोय मी तुझ्याबद्दल घरी."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

दादाने आईकडे बघितलं. मग आई म्हणाली, "खालच्यांना. भाजी कापायला ती बाइंडिंगवाली येते सकाळी. तू गेल्यावर."

म्हणजे नऊ माणसं, दादा, वहिनी. आणि ठसा बघून दंतवैद्यसुद्धा. आणि मी तिच्यासोबत एका घरात राहते.

"मला का नाही सांगितलंस?"

आईने डाव्या हाताने कप सरळ केला. "तुला सांगितलं असतं, तर तू मोजायला बसली असतीस. काल किती हलत होता, आज किती. चांगल्यासाठीच केलं असतंस, माहीत आहे मला. पण रोज सकाळी माझ्या हाताकडे तू तशी बघितली असतीस ना, तुमच्या त्या तुटक्या स्प्रिंगांकडे बघतेस तशी." तिने हात पुन्हा टॉवेलखाली घेतला. "तुझ्यासमोर तरी माझा हात धड होता. सुरीच वाईट होती."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तक्ता केला असता.

फोरमन जेवण न्यायला वर आला. आम्हा तिघांना बघून दारातच थबकला. "काकू, घाई नाही हं," म्हणाला आणि तसाच उतरून गेला. आज उशीर झाला होता, तरी बटाट्यावर काही बोलला नाही.

३० मार्च

आई दादाकडे जाणार. तिनेच सांगितलं. "हात चालतोय तोवर म्हणाले होते ना. शब्दाला जागायला नको?"

मी म्हणाले, इथे राहा, भाजी मी कापून जाईन सकाळी. आवाज नेहमीसारखाच निघाला, कामाची वाटणी करावी तसा. आईने माझ्याकडे बघितलं. "तू कारखान्यात जातेस दिवसभर. बटणं कोण लावणार माझी?"

तेव्हा लक्षात आलं की तिने बटणांचे कपडे घालणं कधीच बंद केलं आहे. मला वाटलं होतं, आवड बदलली.

३१ मार्च

गाडी खाली उभी होती. छापखान्यातली सगळी माणसं फाटकापाशी आली होती. बाइंडिंगवाली रडत होती. आज कांदा नव्हता.

सामान खाली गेल्यावर आई पुन्हा वर आली. दादा ओरडत होता, काय राहिलं? ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली.

"ती सुरी दे ना गं बरोबर."

"कुठली?"

"तू केलेली."

"तिकडे काय करणार आहेस तिचं? तुला कापायचं नाहीये."

"कापायला नको. असू दे जवळ. धरून बघेन कधी."

मी म्हणाले, "तिला धार आहे. हातातून सटकली तर पायावर पडेल. घरात लहान मुलं आहेत. नको."

प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

"तेही खरंच," आई म्हणाली. डावा हात माझ्या गालाला लावला आणि जिना उतरून गेली, कठडा धरून.

६ एप्रिल

छापखान्याने जेवण दुसरीकडून मागवायला सुरुवात केली. फोरमन सांगायला वर आला होता. उभ्याउभ्याच बोलला. "काकूंना नमस्कार सांगा," म्हणाला. त्यांच्याकडून मलाच एक ताट आणून ठेवलं होतं. भाजी एकसारखी कापलेली. खाल्ली नाही.

दादाचा फोन आला होता. आई बरी आहे. मुलांनी तिच्या हाताचं काहीतरी नाव ठेवलंय आणि ती त्यावर हसते म्हणे. "तूही ये एखाद्या सुट्टीला," तो म्हणाला. या वेळी शिष्टे म्हणाला नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी माझ्यापुरता एक बटाटा कापायला नवी सुरी काढली. कापते उत्तम. मूठ माझ्या हातात बसत नाही, खाचा अरुंद पडतात. आईच्याही बसली नसती. त्या खाचा मी दाबून पाडल्या होत्या.

मग हेही लक्षात आलं की धार मारून देता आली असती. त्याच कपाच्या बुडावर चार वेळा आडवी ओढली असती तर सुरी निरुपद्रवी झाली असती. आईला वर्षभर जमत होतं ते. मी तिला ती सुरी का देता येणार नाही याची तीन कारणं दिली, आणि हे एकदाही सुचलं नाही.

पिशवीतून पहिला ठसा काढला. हलला, नमुना बाद. लगदा अजून तसाच आहे, निळा, थोडा चिवट. दिव्याखाली धरला. माझी बोटं त्या खाचांत घालून बघितली. बसेनात. खाच रुंद आहे, कडा दोन आहेत, बोट नुसतं ठेवलं की आत लटकत राहतं.

हात हलवला तेव्हा बसली.